गंगापूरच्या पाण्यावर हायब्रिड होडी: अंबडच्या कीटचा अनुभव

आधी निकाल सांगतो. सावकाश फिरून जाळं टाकणारी आणि रात्री त्याच काठाला परत येणारी होडी असेल तर हे कीट, म्हणजे होडीच्या जुन्या डिझेल इंजिनाच्या जोडीला बसवायची बॅटरीवरची मोटर, जरूर घ्या. लांबचा पल्ला असेल किंवा प्रवासी भरून जोरात जायचं असेल तर घेऊ नका, विकणारा काहीही म्हणो.

होडी माझ्या भाच्याची. गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर, गंगावऱ्ह्याच्या बाजूला तो मासेमारी करतो, तिथल्या सोसायटीचा सभासद आहे. होडी फायबरची, वीसेक फुटी. त्यात शेतातल्या पंपाला असतं तसलं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन. मी मायकोतून, म्हणजे नाशिकच्या डिझेल इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून, निवृत्त झालो, सगळी नोकरी डिझेलची नोझल तपासण्यात गेली. त्यामुळे इंजिनाला काय सोसावं लागतं ते मला आवाजावरून कळतं, आणि या इंजिनाचे हाल मला बघवत नव्हते.

नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी. तिच्यातून डिझेल धुक्यासारखं उडालं पाहिजे. इंजिनावर चांगला भार असला की ते तसं उडतं आणि नीट जळतं. जाळं सोडताना आणि ओढताना होडी जेमतेम सरकते, तेव्हा इंजिन तासन्‌तास जवळजवळ रिकामं फिरतं. सिलिंडर हवा तेवढा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, नोझलच्या तोंडावर काजळी धरते, मग ते थेंबथेंब गळायला लागतं. धूर वाढतो, तेल जास्त लागतं, आणि होडीच्या बुडात साचलेल्या पाण्यावर तवंग येतो. ते पाणी उपसून कुठं टाकतात? धरणात. आणि नाशिक शहर पिण्याचं पाणी घेतं ते याच धरणातून. माझ्या घरच्या नळालाही तेच येतं. हा हिशोब मला डिझेलच्या पैशांहून मोठा वाटतो.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपने हे काम केलं. एवढ्यात जास्त ऑर्डरी झेपणार नाहीत म्हणून नाव छापू नका, असं मालकांनी सांगितलं, म्हणून देत नाही. कीटमध्ये 3 किलोवॉटची मोटर, तिला लागेल तेवढी वीज सोडणारा कंट्रोलर, 48 व्होल्टच्या लिथियम-फॉस्फेट बॅटरीच्या दोन पेट्या, चार्जर आणि एक डिस्प्ले. जुनं इंजिन काढलेलं नाही. इंजिन आणि शाफ्ट, म्हणजे पाण्याखालचा पंखा फिरवणारा दांडा, यांच्या मध्ये क्लच बसवला, आणि शाफ्टवर पुली टाकून टायमिंग बेल्टने मोटर जोडली. क्लचने इंजिन शाफ्टपासून सोडवलं की होडी नुसत्या बॅटरीवर चालते. क्लचने इंजिन शाफ्टला जोडून चालू केलं की इंजिन पंखाही फिरवतं आणि मोटरही, आणि तीच मोटर जनरेटर होऊन बॅटरी भरते. वारा समोरून सुटला तर दोघं मिळून जोर लावतात.

मोठ्या हायब्रिड जहाजांवर शाफ्टला जोडलेली मोटर नेमकं हेच करते, फक्त तिथे आकडे शेकडो किलोवॉटचे. बंदरातले टग बघा, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या दणकट बोटी. त्यांचा बहुतेक वेळ वाट बघण्यात आणि हळू सरकण्यात जातो, पूर्ण ताकद लागते ती जहाज ओढताना, थोडाच वेळ. त्या थोड्या वेळासाठी बसवलेलं भलं मोठं इंजिन एरवी रिकामं फिरत राहतं. म्हणून हळू कामाला बॅटरी आणि जोराच्या कामाला इंजिन, अशी वाटणी करतात. भाच्याच्या होडीचं दुखणं तेच होतं.

आता जोराचा मुद्दा, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. पाणी कापत जाणाऱ्या होडीला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग पाचव्या हिश्श्याने कमी केला तर ताकद जवळपास निम्मी पुरते. आमच्या होडीला पूर्ण 3 किलोवॉटवर ताशी 11 किलोमीटर मिळतात आणि बॅटरी पावणेदोन तासांच्या आत संपते. ताशी 8 वर आलं की 1.2 किलोवॉट लागतात आणि तीच बॅटरी चार तास पुरते. जाळ्याच्या कामाला तर याहूनही कमी. भाच्याला हे तोंडी पटत नव्हतं. डिस्प्लेवर वॉटचा आकडा उतरताना दिसला आणि त्याचा हात आपोआप थ्रॉटलवर हलका झाला. सगळ्या कीटमध्ये हा डिस्प्ले मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

पण बॅटरीकडून भलत्या अपेक्षा नकोत. दोन्ही पेट्यांचं वजन मिळून साधारण 50 किलो, आणि त्यात वीज मावते जेमतेम 5 युनिट. एक लिटर डिझेलमध्ये 10 युनिट ऊर्जा असते. आमचं इंजिन त्यातला पाव हिस्सा पंख्यापर्यंत पोचवतं, मोटर मात्र बहुतेक सगळी. तरीही 50 किलोची बॅटरी म्हणजे दोन लिटर डिझेलच्या आतलंच काम. महासागर ओलांडणारी मालवाहू जहाजं नुसत्या बॅटरीवर का जात नाहीत, त्याचं उत्तर यातच आहे.

जिथे अंतर थोडं आणि फेऱ्या ठरलेल्या, तिथे मात्र हे तंत्र सिद्ध झालेलं आहे. केरळात वैकमला 2017 पासून ‘आदित्य’ नावाची 75 प्रवाशांची सौर बोट चालते. कोचीची वॉटर मेट्रो एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली. तिच्या शंभर प्रवाशांच्या बोटी कोचीन शिपयार्डने बांधल्या, बॅटरी लिथियम-टायटेनेटची, दहा-पंधरा मिनिटांत भरणारी, आणि अडचणीला डिझेल जनरेटर सोबत. नॉर्वेत 2015 मध्ये ‘अँपिअर’ ही 120 मोटारगाड्या वाहणारी, बॅटरीवरची फेरीबोट आली. ती झटपट भरताना विजेचा जो भार पडतो तो तिथल्या गावांची वीजवाहिनी सोसणारी नव्हती, म्हणून त्यांनी दोन्ही धक्क्यांवर बॅटऱ्या बसवल्या. त्या वाहिनीतून सावकाश भरतात आणि फेरीबोट धक्क्याला लागली की तिला एकदम देतात. आपल्याकडच्या गावांत विजेची काय अवस्था असते हे माहीत असलेल्या माणसाला ही युक्ती फार आवडेल.

आमच्याकडे काठावर वीज नाहीच. म्हणून बॅटरी दोन पेट्यांत मागितली. पेटी पंचवीस किलोची, एकेकाने उचलून घरी न्यायची, रात्रभर लावायची. ही वाटणी करून घेतली नसती तर कीट पडून राहिलं असतं.

पंखा बदलून घ्या, यात काटकसर नको. जुना लहान पंखा इंजिनाच्या चालीला जुळवलेला होता. मोटर कमी फेऱ्यांतही पूर्ण जोर देते, म्हणून मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा लावला. तेवढ्याच विजेत होडी जास्त सरकते, हे डिस्प्लेवर लगेच दिसलं. इंजिन बंद असताना हादरा नाही. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी साध्या आवाजात बोलतो. डिझेलच्या आवाजात भाचा आयुष्यभर ओरडत आला, आता त्याचा घसा सुटला.

उणिवाही आहेत, आणि त्या मी मालकांना तोंडावर सांगितल्या. बेल्टवर जाळी नव्हती. होडीत जाळं, दोर, लुंगीचं टोक, काहीही त्यात ओढलं जाऊ शकतं. त्यांनी वाद न घालता पत्र्याचं झाकण करून पाठवलं, पण ते पहिल्यापासून हवं. बॅटरीचे कनेक्टर मोटारसायकलीला शोभतील असे होते, पाण्याच्या शिंतोड्यांत टिकणारे नाहीत. ते बदलून घेतले. सूचनांचा कागद नुसता इंग्रजीत. “काका, मराठीत करून देतो,” म्हणाले, अजून आलेला नाही. कंट्रोलर उन्हात तापतो, एप्रिल-मेच्या दुपारी स्वतःच जोर कमी करतो. त्यावर सावली धरली की फरक पडतो.

निफाड तालुक्यातल्या लोकांसाठी एक वेगळी सूचना. नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर अशी शांत होडी मला मनापासून बघायची आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, आहे ते, पक्ष्यांना डिझेलची धडधड कशाला हवी? पण तुमच्याकडे थंडीत पारा शून्याच्या जवळ जातो. या जातीची बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आतून कायमची खराब होते. कडाक्याच्या दिवसांत पेट्या घरात ठेवा आणि दुपारी चार्ज करा.

खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा बॅटरीचा आहे, तेव्हा तिची वॉरंटी लेखी घ्या आणि सेलचा प्रकार बिलावर लिहून घ्या. वर्कशॉपमध्ये जाताना होडीची पाण्याच्या रेषेवरची लांबी, शाफ्टचा व्यास, जुन्या पंख्याची मापं सोबत न्या. आणि दिवसात होडी किती वेळ हळू, किती वेळ जोरात आणि किती वेळ उभी असते, ते आठवडाभर वहीत टिपून न्या. हे न विचारता जो थेट किलोवॉट सांगेल, त्याच्याकडून घेऊ नका.