स्विफ्टला पंधरा की सोळा?

दहा वर्षांची पण जेमतेम तीस हजार पळालेली गाडी घरात असली की मोठी, पंधरा किंवा सोळा इंची चाकं टाकायचा किडा कधी ना कधी डोक्यात शिरतोच. इंजिन गुळगुळीत, सीटवर डाग नाही, रंगाला ओरखडा नाही, आणि खाली बघावं तर तीच चौदा इंची लोखंडी चाकं, वर प्लास्टिकच्या वाट्या. लग्नाच्या शालूवर रबरी चप्पल घातल्यासारखं वाटतं.

आमची स्विफ्ट 2016 ची व्हीएक्सआय, पेट्रोल, एमएच 13, म्हणजे सोलापूरची. अप्पांनी ती कशी सांभाळली म्हणाल, तर पार्किंगमध्ये बॉनेटवर कायम एक जुनी सोलापुरी चादर. आठवड्याला मार्केट, महिन्याला अक्कलकोट, वर्षातून एकदा पंढरपूर, एवढाच तिचा प्रवास. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. त्यानंतर याच गाडीवर मी तीन जातींची चाकं फिरवली: मूळची चौदा, मग सोळा, आता पंधरा. साडूंकडे अशीच एक स्विफ्ट अजून चौदावर आहे, तीही अधूनमधून चालवतो. माझं भांडवल एवढंच. मोजमापाची यंत्रं काही नाहीत. पाठीला, कानाला आणि खिशाला जे कळलं ते लिहितोय. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

कमी पळालेल्या गाडीवाल्यांना एक गोष्ट हमखास फसवते, ती आधी सांगतो. अप्पा म्हणायचे, "टायर नवेच आहेत रे, नक्षी बघ की." नक्षी होतीच. पण टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे छापलेले असतात, आमच्यावर 2316 होतं. म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. आपला उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीसला सहज टेकतो, आणि असे उन्हाळे एका जागी उभं राहून काढल्यावर रबराचा दगड होतो. पंक्चरवाल्यानं आमच्या टायरवर अंगठ्याचं नख रोवून दाखवलं, काही उमटलं नाही. मग शेजारी टेकवलेल्या नव्या टायरवर रोवलं, तिथे चंद्रकोर उमटली आणि हळूहळू भरून आली. "मालक, हे पळून झिजलेले न्हाईत, बसून म्हातारे झालेत," म्हणाला. त्याच जूनमध्ये पहिल्या पावसात सात रस्ता चौकात ब्रेक दाबला, तर गाडी पांढरे पट्टे ओलांडून पुढच्या रिक्षाच्या मागचा गणपती अगदी जवळून बघून थांबली. टायर बदलणं भागच होतं. आणि टायर बदलायचेच तर चाकंही का नकोत, असा विचार आला की माणूस गेलाच.

आकड्यांचा भाग तुम्हाला माहीत असेल, थोडक्यात उरकतो. मूळ 165/80 आर 14, म्हणजे टायरची रुंदी 165 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के आणि रिम 14 इंची. पंधराला 185/65, वरच्या झेडएक्सआयला कंपनी हाच देते. सोळाला बहुतेक दुकानदार 195/55 सुचवतात. गंमत अशी, की तिन्ही चाकांची एकूण उंची 620 ते 622 मिलिमीटरच्या आतच येते. त्यामुळे मीटर खोटं बोलत नाही. पण मोठी चाकं टाकली की गाडी उंच होते, खाली घासत नाही, ही समजूतही तिथेच निकालात निघते. वाढते ती रिम, घटतं ते रबर. टायरची भिंत चौदाला 132 मिलिमीटर, पंधराला 120 आणि सोळाला 107. चौदावरून सोळावर जाताना जवळजवळ इंचभर रबर आपण दुकानातच सोडून येतो. पुढचं सगळं रामायण त्या एका इंचाचं आहे.

चौदावरच राहायचं असेल तर साडूंचा मार्ग चांगला आहे. त्यांनी रिम तीच ठेवून 185/70 टाकले. उंचीत पाचेक मिलिमीटरचा फरक पडतो, जाणवत नाही. ब्रेक सुधारला, खड्डे पूर्वीसारखेच गिळले जातात, आणि लोखंडी रिम वाकली तर कोपऱ्यावरचा माणूस हातोड्यानं सरळ करून देतो. खर्च सगळ्यात कमी. फक्त गाडी दिसते तशीच राहते, आणि तुळजापूरच्या घाटात जराशी झुलते. ज्यांना या दोन्हीचं काही वाटत नाही त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. वहिनींना तर टायर बदलल्याचं आजतागायत कळलेलं नाही.

मी सोळा घेतले. अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रिम, आणि टायर मिळून साठ हजारांच्या घरात गेलो, आणि खोटं कशाला बोलू, पहिले दोन महिने पैसे वसूल वाटले. गाडी उभी राहिली की मागे वळून बघावंसं वाटायचं. शेजारचे काका गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालून गेले. घाटात स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते, मध्ये टायर विचार करत बसत नाही. हे सुख सोळाचंच, पंधराला ते पूर्ण मिळत नाही, हे कबूल करायला हवं.

कुरबुरी होत्या, पण किरकोळ. पहिल्याच आठवड्यात पुण्याला निघालो, तर मोहोळच्या अलीकडे नव्वदला स्टिअरिंग थरथरायला लागलं. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोलाचा, व्यास 54.1 मिलिमीटर. बाहेरचे अलॉय बऱ्याच गाड्यांना बसावेत म्हणून मोठ्या भोकाचे येतात, माझे 73.1 चे होते. मधली पोकळी भरायला प्लास्टिकची कडी घालायची असते, ती दुकानात राहून गेली होती. कड्या घातल्या, थरथर गेली. सोळा घेणार असाल तर चाक चढवताना तिथे उभे राहा आणि कडी डोळ्यांनी बघा. अॅव्हरेज सतरावरून पंधराच्या आसपास आला. टाकी ते टाकी वहीत लिहिलेला हिशेब आहे. तेव्हा माझा पायही जरा जड झाला होता, त्यामुळे सगळा दोष चाकांना देत नाही. आवाज वाढला. आपल्याकडे रस्त्याखाली काळी माती. पावसात फुगते, उन्हात आकसते, वरचं डांबर लाटेसारखं होतं. चौदावर त्या लाटा नुसत्या कळायच्या, सोळावर मोजता यायच्या.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला वैताग आणला तो हवेनं.

अक्कलकोटहून रात्री परत येत होतो, पाऊस पडून गेलेला, रस्त्यावर पाण्याची चकाकी. त्यातली एक चकाकी खड्डा निघाली. कुठला खड्डा ते सांगून उपयोग नाही, तो आता बुजलाय आणि शेजारी नवा झालाय. डावं पुढचं चाक धाडकन आदळलं. उतरून मोबाइलच्या उजेडात बघितलं तर टायर ठीक, रिमला बाहेरून ओरखडाही नाही. देवाचे आभार मानून घरी आलो.

चौथ्या दिवशी सकाळी ते चाक बसलेलं. पूर्ण नाही, जरासं, म्हातारा माणूस एका पायावर भार देऊन उभा राहतो तसं. हवा बघितली तर बाकी तिघांत 33, त्याच्यात 21. पंक्चरवाल्याकडे गेलो. त्यानं चाक काढून पाण्याच्या टाकीत बुडवून गोल फिरवलं. नक्षीतून एकही बुडबुडा नाही. मग आतली बाजू वर केली आणि कडेला साबणाचं पाणी सोडलं. टायर रिमला जिथे चिकटतो तिथे चार बोटांच्या पट्ट्यात बारीक फेस यायला लागला, दूध उतू जायच्या आधी कडेला येतो तसा. बाहेरून चकाचक असलेली रिम आतल्या कडेला किंचित दबली होती. किती? पोस्टकार्ड सरकेल एवढी.

लोखंडी असती तर दोन ठोक्यांचं काम. अलॉय ठोकता येत नाही, तडा जायची भीती. तापवून, दाबून सरळ करणारे आहेत, मीही करून आणली. दीड महिना बरं गेलं. मग पुन्हा पाचव्या दिवशी 22. सीलंट लावून झालं, टायर फिरवून बसवून झाला. प्रत्येक वेळी थोडे दिवस आराम, मग पुन्हा तेच. नवं एकच चाक घ्यावं तर ती डिझाइन बंद झालेली.

ऐकायला ही काही मोठी गोष्ट नाही. गाडी बंद पडली नाही, अपघात झाला नाही. पण दर रविवारी चहाच्या आधी खाली जाऊन एका चाकाकडे बघायचं, बूट टेकवून दाबायचं, डिकीतला छोटा कॉम्प्रेसर लावून तो घर्र-घर्र करेपर्यंत उभं राहायचं. कुठेही निघायचं असलं की अप्पा गॅलरीतून विचारणार, "हवा बघितलीस का?" ज्या गाडीनं इतकी वर्षं कुणाकडे काही मागितलं नव्हतं, ती आता आठवड्याला हवा मागत होती. अकराव्या महिन्यात मी पंधरा शोधायला लागलो.

आता तुम्ही म्हणाल, तो खड्डा पंधरावरही लागला असता. लागला असता. रिम वाचलीच असती असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण त्या तेरा मिलिमीटर जादा रबरानं काहीतरी तर झेललं असतं. पुढे पंधरावर त्याच रस्त्यानं, त्याच पावसाळ्यात, तसेच दोन दणके खाल्ले, आणि हवा आजही दीड-दोन महिन्यांनी बघतो तेव्हा एखाद-दुसरा पॉइंट उतरलेली असते. नशीबही असेल. मी त्याला टायरची भिंत म्हणतो.

पंधराचा सेट मला झेडएक्सआयवरून उतरवलेला मिळाला. नवी गाडी घेऊन लगेच मोठी चाकं टाकणारे हौशी लोक असतात, त्यांच्या कृपेनं कंपनीचे अलॉय स्वस्तात सुटतात. घेताना बाहेरची चमक बघू नका. नुसती रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवून फिरवायला सांगा आणि आतली कड बघा. डुलली की परत द्या. हा धडा मी साठ हजारांत शिकलो, तुम्हाला फुकट. कंपनीचंच चाक असल्यामुळे हबवर कडीबिडीची भानगड न करता घट्ट बसतं. नवे टायर 185/65 घेतले. हा साइझ इथल्या तीन दुकानांत विचारला, तिन्हीकडे तयार होता. सोळाचा 195/55 मागवायला मला दोन दिवस लागले होते. सोलापुरात ठीक आहे, पण पंढरपुरात एकादशीच्या गर्दीत टायर फाटला तर काय करणार, हा विचार करून बघा. स्टेपनी मी चौदाचीच ठेवली आहे. उंची सारखी असल्यानं वेळेला चालून जाते, मात्र हळू चालवायची आणि घरी पोचलं की उतरवायची.

एक फायदा कागदाचाही वाटतो. त्याच मॉडेलला कंपनी जो साइझ देते त्यात राहिलं की उद्या कुणी विचारलं तरी उत्तर सोपं असतं. अलॉय कुठलेही घाला, विम्याच्या नूतनीकरणाला ते नोंदवून घ्या.

पंधराचं उणं एकच, दिसणं. सोळापेक्षा रिम लहान आणि रबर जास्त दिसतं, गाडी नटलेली वाटत नाही, नीटनेटकी वाटते. काकांनी या वेळी प्रदक्षिणा घातली नाही. घाटातली ती तल्लख वळणंही थोडी बोथट झाली.

आरामाचं माझं मोजमाप अप्पा आहेत. चौदावर अक्कलकोटला जाताना ते मागच्या सीटवर वळसंगच्या आत घोरायला लागायचे. सोळावर दारावरचं हँडल धरून थेट मठापर्यंत जागे, वर रस्त्याबद्दल भाष्य. पंधरावर वळसंग ओलांडून थोडं पुढे गेलं की मान कलते.

तरीही सोळा घेऊ नका असं मी म्हणणार नाही. तुमचं जाणं-येणं मुख्यतः पुणे हायवेवर असेल, रात्री फारसं चालवत नसाल, आणि गाडी बघून रोज सकाळी आनंद होणार असेल, तर त्या आनंदालाही किंमत आहे. शहरातच फिरत असाल, घरात मागच्या सीटवर बसणारं वयस्क माणूस असेल, तर मात्र एकदा पंधरावाल्या झेडएक्सआयची चक्कर मारून मग दुकानात जा. आणि काहीही घेतलं तरी जुनी चौदाची चाकं भंगारात घालू नका. आमची माळ्यावर आहेत, गोणपाटात गुंडाळून. ती अप्पांनी ठेवायला लावली.

सोळाचा सेट जुळे सोलापूरचा एक मुलगा घेऊन गेला, पंचविशीतला असेल. मी त्याला डावं पुढचं चाक वेगळं काढून दाखवलं, आतली कड बोटानं दाखवली, दर आठवड्याला हवा भरावी लागते असंही सांगितलं. त्यानं चाक पुन्हा बाहेरच्या बाजूनं वळवलं, जरा लांब जाऊन बघितलं आणि म्हणाला, "चालतंय की ओ काका. मागं लावतो."