विंडोजमधलं एज: अपडेट उतरतं आपोआप, लागू करायचं आपल्या हातानं

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या कर सल्लागाराच्या ऑफिसात दुपारी डोकावलं, तर एका एज ब्राउझरमध्ये पंचवीस-तीस टॅब उघडे दिसतात. जीएसटी, आयकर, दोन-तीन बँका, मध्येच कुणाचा तरी सातबारा. वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबांपाशी अपडेटची खूण लागलेली असते आणि आठ-आठ दिवस तिकडे कुणी बघत नाही. विंडोजबरोबर फुकट येणाऱ्या या ब्राउझरबद्दल बोलायचं तर त्या खुणेपासूनच सुरुवात केली पाहिजे. अपडेटची इतकी भरवशाची व्यवस्था फार थोड्या प्रोग्रॅममध्ये असते. शेवटची एक पायरी तेवढी वापरणाऱ्यावर सोपवली आहे, आणि कोल्हापुरातल्या बहुतेक ऑफिसांत काम अडतं ते त्याच पायरीवर.

विंडोज अपडेट झालं म्हणजे एजही झालं, हा समज आधी काढून टाका. दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. एजसाठी 'मायक्रोसॉफ्ट एज अपडेट' नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम मागे चालू असतो. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये त्याची दोन कामं नोंदलेली दिसतात. नावाच्या शेवटी 'कोअर' असलेलं लॉग-इन करताना आणि दिवसातून एकदा चालतं, 'यूए' असलेलं तासातासाला. नवी आवृत्ती सापडली की ती उतरवली जाते आणि जुन्या आवृत्तीच्या शेजारी वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. समोर उघडलेली खिडकी मात्र जुन्याच फोल्डरमधून चालत असते. एज पूर्ण बंद होऊन पुन्हा उघडेपर्यंत नवी आवृत्ती नुसती डिस्कवर पडून राहते. म्हणजे अपडेट मशीनमध्ये आलेलं असतं, पण धोका होता तेवढाच राहतो.

आठ दिवसांनी काय बिघडतं, असं कुणी विचारेल. एज 15 जानेवारी 2020 पासून क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याही मुळाशी असलेल्या कोडवर, उभं आहे, आणि क्रोमियमचा कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे. दोष दुरुस्त करणारा बदल बाहेर पडला की दोष नेमका कुठे होता, हे चोरालाही कळतं. जून ते नोव्हेंबर 2025 या सहा महिन्यांत जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्ही-8 या इंजिनात निदान चार दोष असे निघाले, की दुरुस्ती येण्याआधीच त्यांच्या आधारे हल्ले सुरू झाले होते. अशा वेळी नुसतं एखादं पान उघडणंसुद्धा पुरतं, काही डाउनलोड करावं लागत नाही. आणि त्याच ब्राउझरमध्ये पंधरा अशिलांचे पासवर्ड साठवलेले असतात.

अपडेट हातानं लावायला दोन मिनिटं लागतात. तीन टिंबांवर क्लिक करा, तळाशी 'हेल्प अँड फीडबॅक', त्यातून 'अबाउट मायक्रोसॉफ्ट एज'. पान उघडताच तपासणी आपोआप सुरू होते, टक्के वाढताना दिसतात आणि शेवटी 'रीस्टार्ट' असं बटण येतं. ते दाबल्यावर सगळे टॅब परत उघडतात. इनप्रायव्हेट, म्हणजे इतिहास न ठेवणाऱ्या, खिडक्या मात्र परत येत नाहीत, बँकेचं लॉग-इन तुटू शकतं आणि अर्धवट भरलेला फॉर्म गेलाच म्हणून समजा. त्यामुळे आधी जीएसटीचा मसुदा सेव्ह करा, मगच बटण दाबा.

त्याच पानावर आवृत्तीचा आकडा असतो, टिंबांनी तोडलेले चार भाग. पहिला भाग मोठी आवृत्ती सांगतो; सप्टेंबर 2021 मध्ये, 94 व्या आवृत्तीपासून, तिचा फेरा सहा आठवड्यांवरून चार आठवड्यांवर आला. शेवटचा भाग अधूनमधून येणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्यांबरोबर वाढत जातो. ऑफिसात पाच पीसी असतील तर पाचही ठिकाणचा आकडा एका कागदावर लिहून बघा. चार सारखे आणि पाचव्याचा पहिला भाग वीस-तीसनं मागे असेल, तर त्या पाचव्या पीसीवर व्यवस्था मुळातच बंद पडली आहे.

रोज संध्याकाळी पीसी शटडाऊन करणाऱ्याला हे सगळं करावं लागत नाही, सकाळी नवीच आवृत्ती उघडते. लॅपटॉपचं झाकण नुसतं मिटून घरी नेणाऱ्याचं एज महिनाभर बंदच होत नाही. आणखी एक बारकावा आहे. फुलीवर क्लिक करून खिडकी बंद केली तरी एज मागे चालू राहू शकतं. सेटिंग्जमध्ये 'सिस्टम अँड परफॉर्मन्स' इथे 'स्टार्टअप बूस्ट' आणि एज बंद केल्यावरही एक्स्टेन्शन चालू ठेवणारा असे दोन पर्याय आहेत. चार जीबी रॅमच्या जुन्या पीसीवर दोन्ही बंद करावेत. अपडेट सुरळीत लागतं आणि मशीनही हलकं होतं.

आता तो पाचवा पीसी. सगळ्यात आधी घड्याळ बघा. पुराच्या भीतीनं व्हीनस कॉर्नर किंवा शाहूपुरीतला पीसी वरच्या मजल्यावर नेला, महिनाभर वायर काढलेली राहिली आणि मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सेल आधीच दमलेला असला, की चालू केल्यावर तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. तारीख चुकली की सर्टिफिकेट, म्हणजे साइटची मुदतबंद ओळख, जुळत नाही, आणि सर्टिफिकेट जुळलं नाही की अपडेटचा सर्व्हर मशीनशी बोलतच नाही. एजमध्ये एकेक साइट 'तुमचं घड्याळ मागे आहे' अशा अर्थाची सूचना देऊ लागते. तारीख नीट करून भागत नाही, उद्या ती पुन्हा मागे जाईल. नाण्याएवढा, तीन व्होल्टचा, 2032 असा आकडा कोरलेला सेल बदलायचा. पीसी बंद करून प्लग काढा, बोर्डवरची पट्टी नखानं सरकवली की सेल उडून वर येतो. नवा बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर ठेवा.

घड्याळ ठीक असेल तर स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा. 'मायक्रोसॉफ्ट एज अपडेट सर्व्हिस' या नावाच्या दोन ओळी दिसल्या पाहिजेत. कंसातलं नाव जवळजवळ सारखंच असतं, दुसऱ्याच्या शेवटी एक 'एम' जास्त. पहिलीसमोर 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' आणि दुसरीसमोर 'मॅन्युअल' असतं. दुसरी चालू दिसत नाही म्हणून घाबरू नका, तिची पद्धतच तशी आहे. 'डिसेबल्ड' दिसलं तर मात्र कुणीतरी मुद्दाम बंद केलंय. हे काम बहुधा विंडोज 'हलकं' करून देणाऱ्या स्क्रिप्टचं असतं. अशा मशीनवर एजच्या मेनूच्या तळाशी 'तुमचा ब्राउझर संस्थेकडून व्यवस्थापित' अशी इंग्रजी ओळही बऱ्याचदा दिसते. दुकानात एकच पीसी असताना ही ओळ आली, तर कोणती पॉलिसी, म्हणजे सेटिंग सक्तीनं ठरवणारा नियम, लावून ठेवली आहे हे जाणकाराकडून तपासून घ्या. दोन्ही सर्व्हिस पूर्ववत करूनही टक्के पुढे सरकत नसतील, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्स', 'इन्स्टॉल्ड ॲप्स', एजसमोरची टिंबं, 'मॉडिफाय', 'रिपेअर' असं जा. यात इंटरनेट लागतं. बुकमार्क आणि पासवर्ड जागेवर राहतात.

सी ड्राइव्ह लाल झालेला असेल तर यातलं काहीच चालणार नाही, कारण नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी बसायला जागा हवी. चार-पाच जीबी मोकळी ठेवा. आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या लॅपटॉपवर ते कनेक्शन 'मीटर्ड', म्हणजे मोजूनमापून डेटा वापरायचं, ठरलेलं असेल, तर एज अपडेट उतरवायला थांबतं. त्या 'अबाउट' पानावरच मीटर्ड कनेक्शनवरही डाउनलोड करण्याची परवानगी देणारं बटण आहे.

विंडोज कोणतं आहे यावर बाकीचं ठरतं. विंडोज 7 आणि 8.1 साठी एज 109 व्या आवृत्तीवर, जानेवारी 2023 मध्ये थांबलं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरपायी विंडोज 7 ठेवावं लागत असेल, तर ठेवा, पण त्या पीसीवर बँक उघडू नका, मेल उघडू नका. काट्याचं काम नेटशिवाय होत असेल तर लॅनची वायरही काढून ठेवा. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तरीही त्याच्या 22एच2 या शेवटच्या आवृत्तीवर एजला निदान ऑक्टोबर 2028 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. याचा अर्थ विंडोज 10 सुरक्षित राहिलं असा नाही. कुलूप नवं आणि चौकट कुजकी, अशी ती गत आहे. पण नवा पीसी घेईपर्यंत कुलूप तरी नवं असू द्या.

अपडेटनंतर अमुक चालेना, या तक्रारीतल्या दोन खऱ्या आहेत. पहिली जुन्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची. त्याचं पान ॲक्टिव्हएक्स हा इंटरनेट एक्सप्लोररचा जुना जोडभाग मागतं, ते एजमध्ये नाही, आणि इंटरनेट एक्सप्लोरर 15 जून 2022 ला निवृत्त झालं. त्यासाठी एजमध्ये आयई मोड, म्हणजे पान इंटरनेट एक्सप्लोररसारखं उघडण्याची सोय, आहे. सेटिंग्जमध्ये 'डिफॉल्ट ब्राउझर' इथे आयई मोडला परवानगी देऊन डीव्हीआरचा पत्ता यादीत टाकायचा. नोंद 30 दिवस टिकते, मग पुन्हा करावी लागते. चालू असलेला कॅमेरा महिन्यानं अचानक बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. 2025 मध्ये या मोडचा गैरवापर करून हल्ले झाल्यावर मायक्रोसॉफ्टनं सामान्य वापरकर्त्यांसाठी टूलबारवरचं सोपं बटण काढून टाकलं. कटकट वाढली खरी, पण निर्णय योग्य आहे. यादीत फक्त डीव्हीआरचा पत्ता ठेवा, बाहेरची एकही साइट नको.

दुसरी तक्रार सेवा केंद्रांची. अंगठ्याचं यंत्र लावलेलं असतं, त्या यंत्राला साइटशी जोडणारा आरडी सर्व्हिस हा प्रोग्रॅम चालू असतो, तरी साइट म्हणते यंत्र सापडत नाही. ही सर्व्हिस त्याच संगणकावर 11100 ते 11120 यांपैकी एका पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या आतल्या क्रमांकाच्या दारावर, उत्तर देते. क्रोमियमच्या 142 व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2025 च्या अखेरीपासून, बाहेरच्या साइटला तुमच्या संगणकावरच्या किंवा लॅनवरच्या सेवेशी बोलायचं असेल तर ब्राउझर आधी परवानगी विचारतो. रांग लागलेली असताना घाईत 'ब्लॉक' दाबलं जातं आणि दोष यंत्रावर येतो. पत्त्याच्या डावीकडच्या कुलपावर क्लिक करून परवानग्यांमध्ये लोकल नेटवर्कची परवानगी 'अलाऊ' करा आणि पान पुन्हा लोड करा. यंत्र दुरुस्तीला पाठवण्याआधी हे बघाच. जुनं एज शोधून बसवणं हा यावर उपाय नव्हे.

एजचं सगळंच गोड नाही. अपडेटनंतर डेस्कटॉपवर काढून टाकलेला शॉर्टकट परत उगवतो, शिफारस केलेल्या सेटिंग्ज घ्या म्हणून खिडकी येते, आणि न वाचता होकार दिला की शोधयंत्र बदललेलं असतं. सुरक्षा दुरुस्तीच्या वाटेनं जाहिरात घुसवणं चुकीचं आहे, कारण लोक त्यामुळेच अपडेटला कंटाळतात. पण रागानं एज उपटून टाकू नका. भारतात ते सेटिंग्जमधून निघत नाही, आणि स्क्रिप्टनं काढताना इतर प्रोग्रॅमना वेबपानं दाखवून देणारा वेबव्ह्यू-2 हा भागसुद्धा गेला, तर नवं आउटलुक आणि टीम्स उघडत नाहीत. क्रोम किंवा फायरफॉक्स वापरत असाल तरी एज अद्ययावत ठेवा. विंडोजमधल्या कितीतरी लिंक आपणहून एजमध्येच उघडतात.

एखाद्या साइटवर 'तुमचा ब्राउझर जुना झाला, इथे क्लिक करा' असं मोठ्या अक्षरांत आलं, तर ते सापळा समजा. खरं अपडेट कधीही वेबपानातून फाइल म्हणून येत नाही, ते 'अबाउट' पानावरच मिळतं. अशी फाइल उतरली असेल तर उघडू नका, डाउनलोडमधून डिलीट करा आणि सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कोणकोणत्या साइटला दिली गेली आहे ती यादी साफ करा.

मॅक वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. मॅकबरोबर येणाऱ्या सफारी ब्राउझरचं वेगळं अपडेट बटण नाही, 'सिस्टम सेटिंग्ज', 'जनरल', 'सॉफ्टवेअर अपडेट' इथूनच ते येतं. ॲपल साधारणपणे चालू आणि त्याआधीच्या दोन मॅकओएसना नवी सफारी देतं. त्याहून जुन्या मॅकवर सफारी जिथल्या तिथे राहते.

पीसींचं एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट, दिलं असेल तर माणूस येतो, धूळ झटकतो, सही घेऊन जातो. सहीच्या कागदावर प्रत्येक पीसीसमोर चार रकाने वाढवून घ्या: एजच्या आवृत्तीचा पूर्ण आकडा, दोन्ही सर्व्हिसची स्थिती, सी ड्राइव्हची मोकळी जागा, सेल बदलल्याची तारीख. आठवडी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी त्याला बोलावलं तर टॅब बंद करायलाही कुणी कुरकुरणार नाही.