जुनी जे/२४ : डेकवरचं अनोळखी सामान आणि त्याच्या खालचं दुखणं

जुनी शिडाची बोट घेतली की पहिल्या दिवशी गोंधळात टाकतो तो तिचा डेक. जे/२४ ची केबिन लहान आणि साधी. पाहण्यासारखं जे काही आहे ते वरच आहे: दोरी ओढणाऱ्या विंचचे ड्रम, दात असलेले जबडे, कड्या, रूळ, लटकणाऱ्या कप्प्या, आणि आधीच्या मालकाने काहीतरी काढून टाकल्यावर मागे राहिलेली बुजवलेली भोकं. विकणाऱ्याला विचारावं तर त्यालाही अर्ध्या वस्तूंचं काम ठाऊक नसतं.

रॉड जॉन्स्टन यांनी आखलेली ही बोट १९७७ पासून कारखान्यात बनू लागली. लांबी ७.३२ मीटर, रुंदी २.७ मीटरच्या आसपास, वजन सुमारे १,४०० किलो. पाच हजारांहून अधिक बोटी पाण्यात उतरल्या, त्यामुळे जुन्या बाजारात ती मिळते. एकाच नमुन्याच्या शर्यतींसाठी बनलेली असल्यामुळे वर्गाचे नियम कडक आहेत, आणि डेक समजून घेताना हाच सर्वांत मोठा आधार ठरतो. कशाचं काम कळत नसेल तर वर्गाची नियमावली उघडायची, नाहीतर शेजारच्या जे/२४ वर तीच जागा पाहायची. एरवीच्या जुन्या बोटींना ही सोय नसते.

मत आधीच सांगून टाकतो. डेकची मांडणी उत्तम आहे, आणि सामान चाळीस वर्षांनंतरही दुरुस्त होण्याजोगं असतं. पण त्या सामानाखालचं बाल्सा लाकूड आणि आतली मुख्य भिंत भिजलेली असेल, तर स्वस्तात मिळालेली बोट महाग पडते.

ओळखण्याची रीत अशी: वस्तूच्या आकाराकडे पाहू नका, दोरीचा माग काढा. प्रत्येक वस्तूवर एक बाजू घासून चकाकलेली असते, दोरी तिथूनच जाते. त्या बाजूने सरळ रेषा धरून पुढची वस्तू शोधायची, मग तिच्या पुढची. शेवटी एखादं क्लीट, म्हणजे दोरी पकडून ठेवणारी खुंटी, किंवा विंच लागलं की ती दोरी कुणाची ते कळतं. सुरुवात करण्याआधी प्रत्येक वस्तूवर कागदी टेपचा तुकडा लावून क्रमांक घाला आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर टिपा, कारण दुकानदार नावापेक्षा त्या अंतरावरून सामान लवकर शोधून देतो. दात असलेला जबडा, म्हणजे कॅम क्लीट, बहुतेक वेळा दोनच मापांत सापडतो: ३८ मिमी आणि २७ मिमी.

पुढच्या टोकाला जाड तार डोलकाठीकडे चढते, तो फोरस्टे. त्याच्या पायाशी पुढच्या शिडाचा खालचा कोपरा अडकवायची सोय असते. तिथून मागे, पुढच्या डेकवर मधोमध एखादी एकटी कडी किंवा कप्पी दिसली तर ती स्पिनेकरचा, म्हणजे मागून वारा असताना पुढे फुगणाऱ्या मोठ्या शिडाचा, दांडा खाली खेचणाऱ्या दोरीची. त्या दोरीला फोरगाय म्हणतात. डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारांच्या आसपास, बोटीच्या अगदी कडेला उघडा हूक असेल तर तोही स्पिनेकरचाच. वाऱ्याकडची दोरी त्यात अडकवून खाली दाबून ठेवली की माणसांना कडेवर बसायला जागा होते. नवखे मालक तो निरुपयोगी समजून काढून टाकतात आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात पस्तावतात.

जे/२४ ची डोलकाठी डेकवर उभी नसते. ती डेकमधून खाली जाऊन बोटीच्या तळाशी टेकते. डेकच्या त्या भोकात काठीच्या पुढे-मागे घातलेले लाकडी किंवा प्लास्टिकचे ठोकळे भंगार समजून फेकू नका. काठी किती वाकणार आणि फोरस्टे किती ताणला जाणार, हे त्यांच्या जाडीवर ठरतं. काढण्याआधी पुढचे किती, मागचे किती, जाडी किती, सगळं लिहून ठेवा.

काठीच्या पायाशी डेकवर बसवलेल्या कप्प्यांकडे नीट लक्ष द्या. शीड वर चढवणारी दोरी, म्हणजे हॅलियर्ड, काठीतून खाली येऊन इथे काटकोनात वळते आणि केबिनच्या छतावरून मागे जाते. दोरी ९० अंशांत वळली की कप्पीवर दोरीच्या ताणाच्या १.४१ पट भार येतो, आणि १८० अंशांत वळली तर दुप्पट. म्हणजे दोरीत २०० किलोचा ताण असेल तर ही कप्पी २८० किलोंनी ओढली जाते आणि डेक वर उचलू पाहते. कप्पीभोवती डेकला वर्तुळाकार तडे दिसले तर कारण हेच. त्याच कप्पीची खोबण बोटाने चाचपून पाहा. रुंद आणि गोल असेल तर ती दोरीसाठी आहे. अरुंद इंग्रजी व्ही सारखी असेल तर ती जुन्या तारेच्या हॅलियर्डसाठी होती, आणि नवी दोरी त्यात चिमटून महिन्याभरात उसवते. अशी चाकं बदलावीच लागतात.

डेकच्या कडेचे लांब रूळ जिनोआचे, म्हणजे पुढच्या मोठ्या शिडाचे. त्यावरची गाडी पुढे सरकवली की शिडाचा खालचा भाग फुगतो आणि मागची कडा ताणली जाते. मागे नेली की खालचा भाग सपाट होतो आणि वरचा भाग उघडून वारा सोडतो. खटक्याची पिन ओढून सरकणारी गाडी असेल तर तिचं काम सरळ आहे. पण कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या बसण्याच्या खोलगट जागेत, आडव्या रुळावर धावणारी गाडी, म्हणजे ट्रॅव्हलर, बहुतेक वेळा गोळ्यांवर चालते. ती रुळाच्या टोकावरून सहज ओढून काढू नका. गोळ्या निसटून थेट पाण्यात जातात. रुळाच्याच आकाराची पट्टी टोकाला जुळवून धरायची आणि गाडी त्यावर सरकवायची. नवी गाडी मागवण्याआधी रुळाची रुंदी मोजा. हार्केन कंपनीच्या गाड्यांत २२, २७ आणि ३२ मिमी हे वेगवेगळे वर्ग आहेत आणि एकाची गाडी दुसऱ्यावर चढत नाही. या गोळ्यांना ग्रीस किंवा तेल अजिबात लावायचं नाही. त्यात मीठ-धूळ चिकटून गाडी अडते. गोड्या पाण्याने धुणं पुरे.

कॉकपिटच्या कडेचे मोठे विंच जुन्या बोटींवर बऱ्याचदा बारिएंट कंपनीचे निघतात. कंपनी राहिली नाही म्हणून ते बदलायची घाई करू नका, त्यांची घडण अजून दणकट असते. हँडल शोधायला धावपळ नको, खाचेचं माप बहुतेक सर्वत्र एकच, १७.५ मिमी. ड्रम हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवून ऐका. टकटक असा एकसारखा आवाज हवा. आवाज दबका असेल, किंवा ड्रम उलटाही फिरत असेल, तर आतले पॉल, म्हणजे ड्रम उलट फिरू न देणारे लहान खटके, चिकटलेत. हा दोष गंभीर आहे, ताणाखाली ड्रम सुटला तर हँडल मनगट मोडू शकतं. कारण जवळपास नेहमी एकच: कुणीतरी पॉलना ग्रीस फासलेलं असतं. ग्रीस दात्यांना आणि बेअरिंगला, तेही पातळ थरात. पॉल आणि त्यांच्या स्प्रिंगना फक्त पातळ तेलाचा थेंब. उघडताना ड्रमभोवती पुठ्ठ्याचं खोकं भोक पाडून बसवा, उडालेली स्प्रिंग त्यातच पडते.

मागच्या टोकाला वरून येणारी तार दुभंगून दोन कोपऱ्यांना जाते. ती मागची तार, बॅकस्टे. दोन तारांना खाली दाबणाऱ्या कप्प्यांच्या संचातून दोरी दोन्ही बाजूंना येते. ती ओढली की काठी वाकते, मुख्य शीड सपाट होतं आणि फोरस्टे ताणला जातो. वारा वाढला की सर्वांत आधी हात जायला हवा तो इथे. सुकाणू मागच्या सपाट भिंतीला बाहेरून टांगलेलं असतं. त्याचे बिजागरे हाताने वर-खाली हलवून पाहा, तिथे जरासाही खेळ चालत नाही.

आता मूळ दुखणं. डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात त्या चेनप्लेट डेकमधून खाली जातात. वरच्या तारांचा भार आतल्या प्लायवुडच्या मुख्य भिंतीवर, बल्कहेडवर येतो. पट्टी डेकमधून जाते तिथलं सीलंट तुटलं की पाणी पट्टीला धरून सरळ त्या प्लायवुडात उतरतं. वरून काहीच दिसत नाही. केबिनमध्ये शिरून चेनप्लेटच्या बोल्टभोवती प्लायवुड काळं पडलंय का पाहा आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. टोक आत रुतलं तर त्या अवस्थेत शीड चढवू नका. पट्टी बाहेर काढूनही तपासा. डेकच्या जाडीत दडलेल्या भागाला हवा मिळत नाही, आणि स्टेनलेस पोलाद अशाच ठिकाणी आतून कुरतडलं जातं. पृष्ठभागावरचे तपकिरी डाग पुसून जातात, पण आडवी बारीक रेघ दिसली की ती पट्टी बाद.

डेक स्वतः फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा घालून बनवलेला आहे. प्रत्येक बोल्ट त्या बाल्सातून जातो. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने प्रत्येक वस्तूभोवती ठोकत जा. कोरड्या जागी टणत्कार येतो, कुजलेल्या जागी ओल्या लाकडासारखा बद्द आवाज. पेन्सिलीने हद्द आखा. कठड्याच्या खांबांचे पाय, रुळांची टोकं आणि आधीच्या मालकाने हौसेने बसवलेली क्लीटं ही पहिली संशयाची ठिकाणं. खांबाला धरून माणूस बोटीत चढतो, आणि खांबाची उंची तरफेसारखी पायाला उचकटते.

दुरुस्ती किचकट नाही, वेळखाऊ आहे. बोल्ट ६ मिमीचा असेल तर वरचा थर आणि बाल्सा १५ मिमीपर्यंत मोठा कोरा, खालचा थर तसाच ठेवा. भोकातून पाणी निघत असेल तर कोरडं होईपर्यंत थांबा. घाईत इपॉक्सी ओतलं तर ओल आतच कोंडली जाते. खालच्या भोकाला टेप लावा, आधी पातळ इपॉक्सीने लाकूड भिजवा, मग सिलिका पावडर घालून घट्ट केलेलं इपॉक्सी भरा. एक दिवस वाळल्यावर मधोमध ६.५ मिमीचं भोक पाडा आणि वरच्या तोंडाला किंचित उतार द्या. त्या उतारात ब्यूटाइल टेपचा, म्हणजे रबरासारख्या चिकट पट्टीचा, शंकू बसतो. खालून किमान ५ मिमी जाडीची फायबरग्लासची पट्टी किंवा मोठे वॉशर घाला. आवळताना बोल्ट स्थिर धरून खालून नट फिरवा, नाहीतर ब्यूटाइल भोकात पिळवटतं. दोन-तीन दिवस थोडंथोडं आवळत राहा. इथे ३एम ५२०० सारखं कायमचं चिकटणारं सीलंट वापरू नका, पुढच्या वेळी वस्तूसोबत डेकचा थरही उखडून येतो.

मुंबई किंवा गोव्यात काम करायचं असेल तर इपॉक्सी ५०-१०० ग्रॅमच कालवा. उन्हाळ्यात मोठा गोळा भांड्यातच तापून घट्ट होतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत वाळणाऱ्या इपॉक्सीवर चिकट थर येतो आणि पुढचा लेप धरत नाही. बोट पावसाळ्यासाठी बाहेर काढलेली असेल तर गळती शोधायला मात्र तीच वेळ चांगली. ताडपत्री दूर करून एका सरीत केबिनच्या छताला आतून खडूने खुणा करा, दुरुस्ती पाऊस सरल्यावर.

नटबोल्ट विकत घेताना एक फसगत हमखास होते. अमेरिकेत बनलेल्या जे/२४ वर इंची आटे आहेत, आणि आपल्या बाजारात मिळतात ते मिलिमीटरचे. पाव इंची बोल्ट ६.३५ मिमीचा, पाच-सोळांश इंची ७.९४ मिमीचा. एम८ चा नट पाच-सोळांशवर दोन वेढे सहज चढतो आणि मग आटे खातो, कारण एकाचे आटे १.२५ मिमीवर, दुसऱ्याचे १.४१ वर. नट हाताने शेवटपर्यंत जात नसेल तर पाना लावू नका. पोलादाचा दर्जा लोहचुंबकाने कळत नाही, ३०४ आणि ३१६ दोन्हींना चुंबक फारसा धरत नाही. बोल्टच्या डोक्यावरचा ए४ (म्हणजे ३१६) शिक्का पाहा. ए२ (३०४) समुद्रावर टिकत नाही. पोलाद ॲल्युमिनियमच्या काठीत बसवताना मध्ये ड्युरालॅक किंवा टेफ-जेल ही गंज रोखणारी पेस्ट लावा, नाहीतर पुढच्या वर्षी स्क्रू निघणार नाही.

वर्गाच्या शर्यतीत उतरायचं असेल तर वस्तू हलवण्याआधी नियम वाचा. जागा आणि संख्या दोन्हींवर बंधनं आहेत.

आणि कॉकपिटच्या बाकांखालच्या सामानाच्या खणांची झाकणं. ती सामानाच्या यादीत कुणी धरत नाही, तरी जे/२४ वर सर्वांत जीवघेणी वस्तू तीच आहे. स्पिनेकरखाली बोट आडवी पडली की उघडं झाकण लटकतं आणि पाणी थेट पोटात शिरतं. अशा प्रकारे जे/२४ बोटी बुडाल्या आहेत. पहिल्यांदा पाण्यात नेण्याआधी दोन्ही झाकणांना पक्के खटके बसवा, झाकण हाताने वर ओढून पाहा, आणि शीड चढवण्याआधी ते लावलेत याची प्रत्येक वेळी खात्री करा.