डेसिमलपुढचं प्रश्नचिन्ह, आठ महिने वापरून

आठ महिने झाले सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेतले नलेबल व्हॅल्यू टाइप, म्हणजे आकड्याची जागा रिकामी (नल) ठेवू देणारे प्रकार, मनावर घेऊन वापरून राहिलो, म्हटलं लिहूनच टाकतो. नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्याचं संत्र्याच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. त्यात भाव साधा डेसिमल (दशांश आकडा) होता, म्हणजे भाव टाकला नाही की आपोआप शून्य. एका सकाळी चार लॉटची सरासरी टनाला २२,५०० आली अन् शेठचा फोन, "काहून बे, बाजार पडला का?" पाहतो तर तीन लॉट ३०, २८ आणि ३२ हजारांनी गेलेले, चौथ्याची बोलीच व्हायची होती!

मग पुढे प्रश्नचिन्ह लावून डेसिमल? केलं, म्हणजे भाव नसला की शून्य नाही, नल. हे सी शार्प २.० पासून, म्हणजे २००५ पासून भाषेत आहे आणि मी इतकी वर्षं बाकी ठिकाणी रिकाम्या जागी -१ टाकून काम भागवत होतो, हसू नका. आत काही मोठं नाही, किंमत आणि ती भरली की नाही सांगणारं एक बूल (हो की नाही), एवढ्या दोघांची पुडी, म्हणजे स्ट्रक्ट. सरासरी काढणारं ॲव्हरेज फंक्शन नल सोडून देतं त्यामुळे तीच सरासरी बरोबर ३०,००० आली. वजन गुणिले भाव केलं आणि भाव नल असला तर रक्कमही नल, हे तर मला फारच आवडलं, शून्य रुपयाची पट्टी छापली जाणं बंद झालं.

पण दीड महिन्याने डोकं फिरलं. २५ हजारांच्या खालचे लॉट एका रिपोर्टात, २५ आणि वरचे दुसऱ्यात, दोन्ही मिळून एकूण लॉट जुळेचना. जेवण थंड झालं तेव्हा सापडलं, नल < २५००० पण फॉल्स (खोटं) आणि नल >= २५००० पण फॉल्स, त्यामुळे भाव बाकी असलेले लॉट दोन्हीकडून गायब. वरून नल == नल इथे ट्रू, डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत तसं नाही, हे दोन्ही एकाच दिवशी लिहिणाऱ्याचं काय होत असेल विचार करा.

आतली किंमत काढणारं .व्हॅल्यू घाईत लिहाल तर रिकाम्यावर एक्सेप्शन (चूक) फेकतं, ते चालतं, निदान ओरडतं तरी. खरा वैताग ?? ० चा, म्हणजे नल असलं तर शून्य धर. आमच्या ऑफिसातला नवा पोरगा कंपायलर (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्राम) गप्प व्हावा म्हणून जिथे तिथे ?? ० टाकून राहिला, म्हणजे पुन्हा तेच शून्य, फक्त आता माझ्या सहीने. आणि २०१९ च्या सी शार्प ८ मधलं स्ट्रिंग? (मजकुराच्या टाइपपुढचं प्रश्नचिन्ह) याच जातीचं समजू नका, तिथे फक्त कंपायलरची वॉर्निंग येते, टाइप तोच राहतो.

स्क्रीनवर आता त्या जागी "भाव बाकी" दिसतं. शेठ म्हणतात ते लाल रंगात पाहिजे.