घातांकी समीकरण सोडवताना: दहाचा लॉग की नैसर्गिक लॉग?

७ टक्के चक्रवाढीने ठेव दुप्पट कधी होईल? समीकरण: (१.०७)ᵗ = २. दहाच्या पायाने ०.३०१० ÷ ०.०२९३८, नैसर्गिक लॉगने (पाया e, सुमारे २.७१८) ०.६९३१ ÷ ०.०६७६६. दोन्हीकडे उत्तर सुमारे १०.२४ वर्षे. इथे निवड निव्वळ सवयीची. बारावीच्या परीक्षेत लॉग टेबल हाताशी असतं, म्हणून आपला हात आधी दहाकडे जातो. १०ˣ = ५०० असेल तर तेच योग्य: x = २.६९९, पुढे काही करायलाच नको.

पण कार्बन-१४ घ्या, म्हणजे जुन्या अवशेषांचं वय काढायला वापरतात तो किरणोत्सारी कार्बन. अर्धायुष्य ५७३० वर्षे, ऱ्हासाचं सूत्र e⁻ᵏᵗ (t वर्षांनी उरलेला भाग; k हा ऱ्हासाचा दर). नमुन्यात ३० टक्के उरला असेल, तर नैसर्गिक लॉग घेताच e नाहीसा होतो: −kt = −१.२०४. k म्हणजे ०.६९३१ ÷ ५७३०. वय सुमारे ९,९५० वर्षे. दहाचा लॉग घेतला की ०.४३४३ हा गुणक मध्ये येऊन बसतो आणि विद्यार्थी नेमका तोच विसरतात.

मला नैसर्गिक लॉग जवळचा वाटतो, कारण k हा बदलाचा खरा दर त्यातून थेट हाती येतो. फक्त एका समीकरणात दोन पाये मिसळू नका. उत्तर हमखास चुकतं.