मणक्यातली गादी झिजली: जेल की पेशी?

दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) दुरुस्त करण्याचे नवे उपाय शोधायला बसलं की बायोमटेरियल (जेल किंवा जाळीसारखं, गादीत बसवायचं साहित्य) आणि सेल थेरपी (गादीत जिवंत पेशी टोचणं) ही दोन नावं पुन्हा पुन्हा समोर येतात. जाहिरातीत दोन्हींचं वर्णन एकच असतं, 'गादी पुन्हा तयार होते'. पण दोन्हींची कामं निराळी आहेत. म्हणून आपल्या गादीत नेमकं काय बिघडलंय, हे एमआरआय समोर ठेवून डॉक्टरांना आधी विचारा.

गादीच्या मध्यभागी पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो, त्याभोवती कोलॅजनच्या थरांचं कडं आणि वर-खाली कूर्चेचा पातळ पडदा. कडं फाटून गर बाहेर आला असेल तर भोक बुजवायचं काम आहे. गर नुसताच आटत चालला असेल तर प्रश्न पेशींचा.

फाटलेल्या कड्यासाठी माझं मत बायोमटेरियलच्या बाजूने पडतं. मायक्रोडिस्केक्टॉमी या शस्त्रक्रियेत नसेवर दाबणारा तुकडा काढतात, भोक मात्र तसंच राहतं आणि काहींचा गर तिथूनच पुन्हा बाहेर येतो. मोठं भोक बंद करणारं 'बॅरिकेड' हे साधन अमेरिकेच्या एफडीएने (औषधं व वैद्यकीय साधनांची नियामक संस्था) २०१९ मध्ये मंजूर केलं. त्याची पॉलिमरची जाळी टायटॅनियमच्या खुंटीने मणक्यात बसवतात. त्याने गर पुन्हा बाहेर येण्याचं प्रमाण घटतं, गादी मात्र नवी होत नाही.

खऱ्या दुरुस्तीच्या जवळ जाणारं काम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात झालं. २०२० मध्ये तिथल्या गटाने मेंढ्यांच्या गादीत हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल भरलं आणि कड्याचं भोक रायबोफ्लेविन (बी२ जीवनसत्त्व) व प्रकाशाने घट्ट केलेल्या कोलॅजनने बुजवलं. दोन्ही मिळून केलं तेव्हा निकाल सर्वांत चांगला आला. मेंढ्यांवरचा निकाल आहे, हे विसरू नका. यापूर्वी माणसांत हायड्रोजेलची उशी बसवून पाहिली होती, ती जागेवरून सरकण्याच्या तक्रारी आल्या.

पेशींची कल्पना अधिक मोहक आहे आणि अडचणही तिथेच जास्त. प्रौढांच्या गादीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. ऑक्सिजन आणि ग्लुकोज मुख्यतः त्या कूर्चेच्या पडद्यांतून झिरपत येतं. पडदे कडक झाले की आधीच्याच पेशी उपाशी मरतात. अशा गादीत नव्या पेशी सोडणं म्हणजे दुष्काळात पंगत बसवणं. त्यामुळे किती कोटी पेशी देणार, यापेक्षा पडद्यांची अवस्था कशी आहे हा प्रश्न मला मोठा वाटतो.

चाचण्यांचे आकडेही उत्साह आवरायला लावतात. मेसोब्लास्ट या कंपनीच्या पेशींच्या, ४०४ रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचे निकाल २०२१ मध्ये आले. वेदना आणि हालचाल मिळून ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही, पण वेदना काही प्रमाणात कमी झालेल्या दिसल्या, म्हणून पुढची चाचणी हाती घेतली गेली. युरोपातल्या ११४ रुग्णांच्या 'रेस्पाइन' चाचणीत पेशी आणि लुटुपुटूचं इंजेक्शन यांत ठोस फरक दिसला नाही. सशांवरच्या एका प्रयोगात तर गादीबाहेर गळलेल्या पेशींमुळे हाडाचे काटे वाढले. पेशी जागेवर राहाव्यात म्हणून त्या जेलमध्ये मिसळून देतात, म्हणजे 'जेल की पेशी' ही निवडही पूर्ण खरी नाही.

सुईचा धोका दोन्हीकडे आहे. डिस्कोग्राफीत (गादीत रंगद्रव्य टोचून करायची तपासणी) सुई टोचलेल्या गाद्या दहा वर्षांनी इतरांपेक्षा जास्त झिजलेल्या आढळल्या होत्या.

सायटिका (नस दबून कमरेतून पायात जाणारी कळ) नवी असेल तर दोन्ही बाजूला ठेवा, बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आराम पडतो. पायातली ताकद जात असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल तर मात्र थेट सर्जन गाठा. शस्त्रक्रिया ठरलीच असेल तर भोक किती मोठं असेल आणि ते बंद करणार का, हे विचारा. नुसती कंबर दुखते आणि एमआरआयवर गादी काळी (पाणी आटलेली) दिसते, अशांनी पेशी घ्यायच्याच तर नोंदणीकृत चाचणीत घ्याव्यात, पैसे मोजून नाही. बोन मॅरो (हाडातला मगज) काढून लगेच टोचणाऱ्यांना एवढंच विचारा, त्यात स्टेम सेल (नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी) किती? सहसा दहा हजार पेशींत एकही नसते.