आईची किडनी, भावाची, की पुण्याची यादी?

तासगावकडचं एक घर डोळ्यांसमोर आणा. पेशंट ३८ वर्षांचा, द्राक्षबाग सांभाळणारा, आठवड्यातून तीनदा मिरजेला डायलिसिसला जाणारा. आई ६१ वर्षांची, धाकटा भाऊ २९ चा, दोघांचाही रक्तगट जुळतोय. घरात एकच वाद चाललाय: म्हाताऱ्या माणसाची किडनी कशाला, तरुण भाऊ आहे की! आई मात्र म्हणते, माझीच काढा.

भावाच्या बाजूने बोलणारे चुकीचं बोलत नाहीत. चाळिशीच्या आसपास किडनीची गाळण्याची ताकद, म्हणजे जीएफआर, उतरणीला लागते आणि वर्षाला साधारण १ ने कमी होते. समजा भावाचा जीएफआर ११० आला आणि आईचा ८४. दिली जाते एकच किडनी, म्हणजे एकीची ताकद ५५ आणि दुसरीची ४२. नव्या शरीरात काम अंगावर पडलं की किडनी आपली ताकद थोडी वाढवते, पण तरुण किडनी जास्त वाढवते. साठीतल्या किडनीतल्या काही गाळण्या वयानुसार आधीच बंद झालेल्या असतात. ऑपरेशनचा ताण, नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून द्यायची टॅक्रोलिमससारखी औषधं, मधेच आलेलं रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, हे सगळं ती कमी सोसते. त्यामुळे भावाच्या किडनीवर क्रिएटिनिन (रक्तात साठणारा कचरा, किडनी जितकी चांगली तितका कमी) १.१ ला स्थिरावलं असतं, तिथे आईच्या किडनीवर ते दीडच्या आसपास राहू शकतं. दीड बघून घाबरू नका. आठवड्यातून तीनदा केलेलं डायलिसिस जेमतेम १० ते १५ टक्के किडनीचं काम करतं. आईची किडनी त्याच्या कितीतरी पट करते, आणि तेही चोवीस तास.

तरीही या घराला मी आधी आईच्या तपासण्या करा असंच सांगेन.

पहिलं कारण भावाच्या पुढच्या आयुष्याचं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात, किडनी दिलेल्या १०,००० लोकांमागे सुमारे ९० जणांची स्वतःची किडनी आयुष्यभरात कधीतरी निकामी होईल असा अंदाज निघाला. तितक्याच निरोगी, पण किडनी न दिलेल्या लोकांमध्ये तो आकडा १४ होता. धोका लहान आहे, पण भावापुढे तो भोगायला पन्नास वर्षं आहेत, आईपुढे वीस-पंचवीस. शिवाय आईला जी बीपी-शुगर व्हायची होती, ती साठीपर्यंत बहुधा दिसली असती. भावाची अजून कळायची आहे, आणि ज्या घरात एका भावाच्या किडन्या ३८ व्या वर्षी गेल्या, तिथे दुसऱ्याबद्दल सावध राहिलंच पाहिजे. किडनीत गाठी होण्याचा आनुवंशिक आजार घरात असेल तर तिशीच्या आतल्या भावाची नुसती सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून भागत नाही. एमआरआय किंवा जनुकीय तपासणी लागू शकते. ६१ व्या वर्षी आईच्या किडन्या स्वच्छ असतील तर तिच्याबाबतीत ही शंका जवळजवळ मिटते.

दुसरं कारण क्रमाचं, आणि हे घरात फारसं कुणी बोलत नाही. जिवंत डोनरची किडनी सरासरी १५ ते २० वर्षं चालते. पेशंट ३८ चा आहे, म्हणजे त्याला आयुष्यात दुसऱ्यांदा किडनी लागण्याची शक्यता आहे. तेव्हा आई पंचाहत्तरीच्या पुढे असेल, तिची घेता येणार नाही. भाऊ मात्र चाळिशी-पन्नाशीत असेल, आणि तोवर त्याची तब्येत कशी आहे हेही समजलेलं असेल.

याची दुसरी बाजूही आहे. पहिली किडनी गेली की शरीरात परक्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असतात आणि दुसरी जुळणं अवघड जातं. आईशी पेशंटचं एचएलए, म्हणजे शरीर ज्यांवरून आपलं-परकं ओळखतं त्या पेशींवरच्या खुणा, नेहमी निम्मं जुळतं. भावाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, निम्मं जुळण्याची ५० आणि अजिबात न जुळण्याची २५ टक्के. भाऊ पूर्ण जुळला तर पारडं त्याच्याकडे बरंच झुकतं. आणि पेशंट ३८ ऐवजी २२ चा असता तर मीही इतक्या ठामपणे आईचं नाव घेतलं नसतं. तरुण शरीराची प्रतिकारशक्ती तगडी असते, वयस्क किडनीवर तिचा मारा जास्त होतो, आणि त्या किडनीला गाठायचा पल्लाही लांबचा असतो.

बायकोचं नाव तर न विचारताच पुढे येतं. रक्ताचं नातं नसूनही तिची किडनी चांगली चालते. १९९५ च्या एका अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांनी नवरा-बायकोकडून मिळालेल्या किडन्यांपैकी ८५ टक्के चालू होत्या, आईवडिलांकडून मिळालेल्यांपैकी ८२ टक्के आणि मृत व्यक्तींकडून मिळालेल्यांपैकी ७० टक्के. आज औषधं सुधारलीत, पण जिवंत डोनर पुढे हा क्रम तसाच आहे. मात्र घरात लहान मुलं असतील आणि नवरा आजारी असेल, तर दोन्ही पालक एकाच वेळी ऑपरेशन टेबलवर नेण्याआधी आई आणि भाऊ दोघांचा विचार व्हावा, असं मला मनापासून वाटतं. अजून मूल हवं असेल तर गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका किडनी दिल्यावर वाढतो, हेही तिला आधीच सांगायला हवं.

राहिली यादी, म्हणजे मृत व्यक्तीची किडनी मिळण्यासाठी नाव लावायची प्रतीक्षायादी. सांगली-सातारा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राखाली येतात आणि नाव मान्यताप्राप्त हॉस्पिटलमार्फत लागतं. ब्रेनडेड व्यक्तीची किडनी तरुण असली तरी ती बर्फातून येते, सुरुवातीचे काही दिवस कधी कामच करत नाही. साठीतल्या निरोगी आईची किडनी तिच्या साधारण तोडीची चालते, आणि वाट पाहावी लागत नाही. डायलिसिसवर जाणारं प्रत्येक वर्ष पुढच्या ट्रान्सप्लांटचा निकाल खराब करतं. पेशंट स्वतः ६८ चा असेल तर मात्र मृत, वयस्क डोनरची किडनी नाकारू नका. युरोपात १९९९ पासून ६५ वरच्या डोनरच्या किडन्या ६५ वरच्या पेशंटना देण्याची वेगळी योजनाच आहे, आणि आपल्याकडे यादीत नाव लावायला असलेली ६५ ची अट २०२३ मध्ये निघाली.

तेव्हा आईचा जीएफआर रक्तावरून काढलेल्या अंदाजावर सोडू नका, डीटीपीए स्कॅन करून मोजा, आणि दोन्ही किडन्यांचा वाटा वेगळा बघा. तो एकूण ७० च्या खाली आला, लघवीतून अल्ब्युमिन हे प्रोटीन जात असलं किंवा बीपीला दोन-दोन गोळ्या लागत असल्या, तर आईला प्रेमाने थांबवा आणि भावाच्या तपासण्या सुरू करा. तो तयार आहे का, हे मात्र त्याला एकट्याला गाठून विचारा, चारचौघांत नको.